नवोदयची परीक्षा आणि पाचवीतले मूल

मुलाला वसतिगृहात दाखल करावयास येणारे पालक अलीकडे एक प्रश्न हमखास विचारतात : "सर, नवोदयचे काय?" आमचे अनेक माजी विद्यार्थी आज जिल्हा परिषदेच्या शाळांत शिक्षक आहेत. आपल्या वर्गातील एखादे चुणचुणीत मूल पाहिले की तेही आम्हांला हेच विचारतात. प्रश्न तीन शब्दांचा असला, तरी त्यात पुष्कळ काही दडलेले असते : एका मुलाचे सात वर्षांचे शिक्षण, घरच्या खर्चाचा भार आणि कित्येकदा एका कुटुंबाची अवघी आशा. स्मरणिकेच्या निमित्ताने त्याचे सविस्तर उत्तर द्यावे, असे आम्हांला वाटले.

जवाहर नवोदय विद्यालये ही केंद्र सरकारची निवासी विद्यालये होत. ग्रामीण भागातील गुणी मुलांना, पालकांच्या ऐपतीचा विचार न करता, उत्तम शिक्षण मिळावे हा त्यांचा हेतू. १९८५-८६ मध्ये पहिली दोन विद्यालये प्रयोगादाखल निघाली. त्यांतील एक हरियाणातील झज्जरला आणि दुसरे आपल्या अमरावतीला. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या योजनेला कायमचे रूप दिले आणि पुढे तमिळनाडू वगळता देशभर विद्यालये झाली. सहावी ते बारावीपर्यंतचे शिक्षण, राहणे, जेवण, गणवेश, पुस्तके हे सारे विनामूल्य असते. नववीपासून दरमहा ६०० रुपये विद्यालय विकास निधी घेतला जातो. परंतु मुली, अनुसूचित जाती-जमातींची मुले आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील मुले यांना तोही माफ आहे. एका विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त ८० जागा असतात आणि त्यांसाठी जिल्ह्यातून हजारो मुले परीक्षेस बसतात. म्हणजे बसणाऱ्यांपैकी बहुतेकांना जागा मिळणार नाही, हे तयारीच्या पहिल्या दिवशीच ठाऊक असते. ही गोष्ट पालक विसरतात आणि मुलालाही विसरावयास लावतात.

अभ्यासाकडे वळण्यापूर्वी पात्रतेविषयी लिहिणे भाग आहे. चांगली तयारी झालेली मुले केवळ कागदावर अडखळलेली आम्ही पाहिली आहेत.

पहिली गोष्ट ग्रामीण जागांची. किमान ७५ टक्के, म्हणजे ८० पैकी ६० जागा ग्रामीण भागातील मुलांसाठी असतात. पण मूल ग्रामीण ठरण्यासाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे त्याने ग्रामीण भागातील मान्यताप्राप्त शाळेत पूर्ण काढलेली असावी लागतात. या तीन वर्षांत एक दिवस जरी शहरी भागातील शाळेच्या पटावर नाव गेले, तरी ते मूल शहरी गणले जाते. आता आपल्याकडे काय होते ते पाहा. चौथीपर्यंत मूल गावच्या शाळेत असते. "नवोदयची तयारी चांगली व्हावी" म्हणून पाचवीला त्याला तालुक्याच्या शाळेत घातले जाते. २०१४ नंतर राज्यातील अनेक तालुका मुख्यालयांच्या ग्रामपंचायती नगरपंचायती झाल्या. तेथे आठवडी बाजार तोच आहे, एसटीचा थांबा तोच आहे आणि पावसाळ्यातला चिखलही तोच आहे. नियमाच्या दृष्टीने मात्र तो शहरी भाग. ज्या तयारीसाठी मूल हलविले, त्या हलविण्यानेच ६० जागांचे दार त्याला बंद होते आणि ते उरलेल्या थोड्या जागांच्या गर्दीत जाऊन पडते.

दुसरी गोष्ट जिल्ह्याची. मूल ज्या जिल्ह्याचे रहिवासी आहे, त्याच जिल्ह्यातील शाळेत ते पाचवीत शिकत असले पाहिजे आणि त्याच जिल्ह्यातील विद्यालयासाठी अर्ज केला पाहिजे. परजिल्ह्यातील नामांकित निवासी शिकवणीवर्गात वर्षभर ठेवून तेथल्याच एखाद्या शाळेत नाव घालणाऱ्या पालकांनी हा नियम दोनदा वाचावा. तिसरी गोष्ट अशी, की ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. पाचवीत पुन्हा बसवून दुसऱ्यांदा परीक्षा देता येत नाही. तसा प्रयत्न करून मुलाचे एक वर्ष वाया घालवू नये.

चौथी गोष्ट आपल्या समाजाशी विशेष संबंधित आहे, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगतो. अनुसूचित जातींसाठी जागा राखीव असतात. त्यांचे प्रमाण जिल्ह्यातील लोकसंख्येप्रमाणे ठरते, पण १५ टक्क्यांहून कमी नसते. बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींच्या लोकांना केंद्राच्या सवलती मिळण्यासाठी १९९० मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. त्यापूर्वी राज्याच्या सवलती होत्या, केंद्राच्या नव्हत्या. नवोदय ही केंद्राची संस्था असल्याने येथे केंद्राचा नियम चालतो. त्या नियमाप्रमाणे 'बौद्ध' हा धर्म आहे. अनुसूचित जातींच्या यादीत 'बौद्ध' नावाची जात नाही. म्हणून जातीच्या प्रमाणपत्रावर यादीतील जातीचे नाव आणि धर्म बौद्ध, अशा दोन्ही नोंदी असाव्या लागतात. आपल्या कित्येक घरांतून शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरात नुसते 'बौद्ध' लिहिले गेले आहे. ज्या नावाचा आपल्या आजोबांनी १९५६ नंतर जाणीवपूर्वक त्याग केला, ते नाव नातवाच्या कागदावर पुन्हा लिहावयाचे, ही गोष्ट मनाला लागते. लागणारच. त्यावर घराघरांत वाद होतात आणि ते वाद आम्ही क्षुल्लक मानीत नाही. परंतु निर्णय काहीही घ्यावयाचा असो, तो मूल तिसरी-चौथीत असतानाच घ्यावा. निवड झाल्यानंतर कागदपत्रांच्या तपासणीच्या आठवड्यात तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवीत तो घेण्याची वेळ येऊ नये. प्रमाणपत्र मिळण्यास आजोबा-पणजोबांचे जुने शाळेचे दाखले लागतात आणि ते शोधण्यात महिने जातात.

अर्ज ऑनलाइन भरावयाचा असतो आणि त्याला शुल्क नाही. नियमांत वेळोवेळी बदल होतात, म्हणून त्या वर्षीचे माहितीपत्रक पालकांनी किंवा गावातील एखाद्या शिकलेल्या मुलाने स्वतः वाचावे. सेतू केंद्रावरच्या माणसाच्या तोंडी माहितीवर विसंबू नये. "इतके द्या, जागा मिळवून देतो," असे म्हणणाऱ्याला तर दारात उभे करू नये.

आता परीक्षेकडे वळू. प्रश्नपत्रिका एकच, वेळ दोन तास, प्रश्न ८० आणि गुण १००. प्रत्येक प्रश्नास सव्वा गुण. तिचे तीन भाग आहेत : मानसिक क्षमता ४० प्रश्न, ५० गुण, अंकगणित २० प्रश्न, २५ गुण, भाषा २० प्रश्न, २५ गुण. मूल मराठीतून परीक्षा देऊ शकते. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. या साध्या आकड्यांतून पुष्कळ शिकण्यासारखे आहे. सरासरीने एका प्रश्नास दीड मिनिट मिळते. अवघड गणितालाही सव्वा गुण आणि एका नजरेत सुटणाऱ्या आकृतीलाही सव्वाच. म्हणून एका गणिताशी सहा मिनिटे झुंजणारे हुशार मूल मागे पडते आणि ते सोडून पुढे जाणारे साधारण मूल पुढे निघून जाते. हुशार मुलांना 'सोडून पुढे जाणे' शिकवावे लागते. त्यांच्या स्वभावातच ते नसते.

पालकांचे सारे लक्ष मानसिक क्षमतेच्या पन्नास गुणांवर असते आणि बाजारातील मार्गदर्शक पुस्तकेही त्यावरच जाड होतात. आमच्या अनुभवात मुले मागे राहतात ती बहुधा भाषेत. त्यामुळे भाषेविषयी आधी लिहितो.

भाषेच्या भागात चार उतारे असतात आणि प्रत्येकावर पाच प्रश्न. अर्ध्या तासात चार उतारे म्हणजे एका उताऱ्यास साडेसात मिनिटे. तेवढ्यात उतारा वाचावयाचा, समजून घ्यावयाचा आणि पाच उत्तरे द्यावयाची. उतारे पाठ्यपुस्तकातले नसतात, म्हणून येथे पाठांतर कामास येत नाही. उदाहरणादाखल आम्ही दोन-तीन वाक्ये रचतो : "उन्हाळ्यात धरणाचे पाणी उतरले की जुन्या गावच्या चावडीची भिंत दिसू लागते. काठावर बसलेले म्हातारे तिकडे पाहत राहतात. पोरांना मात्र पोहण्याचेच सुचते." आता विचारा : म्हातारे भिंतीकडे का पाहत राहतात? उतारा उत्तर सांगत नाही. जुने गाव धरणाच्या पाण्याखाली गेले, म्हातारे त्या गावात राहिलेले आहेत आणि पोरांनी ते पाहिलेलेच नाही, हे तीन दुवे मुलाने स्वतः जोडावयाचे असतात. 'पाणी उतरले' म्हणजे काय, असे विचारले तर केवळ शब्दाला शब्द जोडणारे मूल 'पाणी खाली वाहिले' हा पर्याय निवडते. ज्याने विहिरीचे पाणी उतरताना ऐकले आहे, पाहिले आहे, ते 'कमी झाले' असे सहज म्हणते. उताऱ्यास शीर्षक द्या म्हटले, तर पुष्कळ मुले पहिल्या वाक्यातील पहिले नाम उचलतात.

ही शक्ती तीन महिन्यांच्या वर्गाने येत नाही. ती तिसरीपासून रोज वाचल्याने येते, आणि त्याला फार खर्च लागत नाही. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते. शाळेत त्याचे अंक येत नसतील तर मुख्याध्यापकांस मागावे. बौद्धवाड्यांतून, वस्त्यांतून जी लहान वाचनालये आपल्या तरुणांनी चालविली आहेत, त्यांत मुलांचे कपाट वेगळे असावे. हे काहीच नसले तरी घरात वर्तमानपत्राचा पुडा येतो, विजेचे देयक येते, बचत गटाची सूचना येते. मुलाने ते मोठ्याने वाचावे आणि आईने विचारावे, "म्हणजे काय?" आम्हांला वाटते, या परीक्षेच्या तयारीतील सर्वांत मोलाचे काम या दोन शब्दांनी होते, आणि ते करण्यास आईला अक्षरओळख असण्याची गरज नाही. किंबहुना जिला वाचता येत नाही, तिचा "म्हणजे काय?" खरा असतो, मुलाला खरोखरच समजावून सांगावे लागते. शिकलेला बाप पुष्कळदा उत्तर स्वतःच देऊन टाकतो.

अंकगणितात अपूर्णांक, दशांश, लसावि-मसावि, परिमिती व क्षेत्रफळ अशा पायाभूत गोष्टींवर प्रश्न येतात. मुलांच्या चुका ठरलेल्या असतात आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना त्या पाठ असतात. ६१२ ला ६ ने भागा म्हटले की चौथी-पाचवीतील बरीच मुले १२ लिहितात. मधले शून्य गळते आणि १०२ चे १२ होतात. पर्यायांत १२ असतातच. दुसरे उदाहरण : ४० मीटर लांब आणि २५ मीटर रुंद शेताभोवती तारेचे तीन पदर घालावयाचे आहेत, तर तार किती लागेल? परिमिती १३० मीटर आली की मूल थांबते, कारण १३० हा आकडा पर्यायांत दिसतो आणि उत्तर सापडल्याचा आनंद होतो. ज्याने लांबी-रुंदी गुणली त्याच्यासाठी १००० हाही पर्याय ठेवलेला असतो. बरोबर उत्तर ३९० मीटर, आणि ते त्यालाच मिळते जो गणित करून झाल्यावर पुन्हा एकदा प्रश्नाचे शेवटचे वाक्य वाचतो. म्हणजे हीदेखील वाचनाचीच परीक्षा झाली. लसाविचे तसेच. एक घंटा दर १२ मिनिटांनी व दुसरी दर १८ मिनिटांनी वाजते. सकाळी ८ वाजता दोन्ही एकदम वाजल्या, तर पुन्हा एकदम कधी वाजतील? ३६ काढता आलेली मुले पुष्कळ. पण विचारले आहे ते 'कधी', म्हणून उत्तर ८ वाजून ३६ मिनिटे. पाढे पाठ असावेत, तीसपर्यंत असले तर उत्तम. परंतु पाढ्यांच्या पुढे हे शेवटचे वाक्य असते.

मुलाची चूक दुरुस्त करताना लाल रेघ मारून बरोबर उत्तर लिहून देऊ नये. "हे १२ कसे काढलेस, मला सांग," असे म्हणावे. सांगता सांगता मूल स्वतःच थबकते. यास वेळ लागतो खरा, पण अशी सापडलेली चूक सहसा परत येत नाही.

मानसिक क्षमतेचे चाळीस प्रश्न सारे आकृत्यांचे असतात आणि त्यांचे दहा प्रकार ठरलेले आहेत, प्रत्येकी चार प्रश्न : गटात न बसणारी आकृती, जुळणारी आकृती, अपूर्ण नक्षी पुरी करणे, आकृत्यांची मालिका, समसंबंध, भौमितिक आकृती पूर्ण करणे, आरशातील प्रतिमा, घडी घालून छिद्र पाडलेला कागद, तुकड्यांपासून बनणारी आकृती आणि लपलेली आकृती. येथे सराव खरोखर उपयोगी पडतो, कारण प्रकार बदलत नाहीत. फक्त हा सराव पुस्तकावर सुरू करू नये, हातांनी सुरू करावा. रद्दी कागदाचा चौरस घ्या, एक घडी घाला, दुसरी घाला, सुईने एक भोक पाडा आणि उलगडण्यापूर्वी मुलाला विचारा, भोके किती आणि कोठे. दोन वेळा निम्मा केलेल्या कागदावर चार भोके येतात. ती घडीच्या रेषेपासून दोन्हीकडे सारख्याच अंतरावर पडतात, हे आठ-दहा कागद उलगडल्यावर मुलाच्या डोळ्यांना कळते. मग पुस्तकातील चित्र पाहताना कागद मनात उलगडतो. आरशासाठी घड्याळ धरा : तीन वाजलेले घड्याळ आरशात नऊ दाखविते. अंगणातील ठिपक्यांची रांगोळी आणि आजीच्या गोधडीवरील ठिगळांची रचना हीही नक्षी पुरी करण्याची शाळाच आहे. आमच्या खेड्यांतील मुलींना या प्रकारात उपजत गती आहे असे म्हटले जाते. ती उपजत नसून अंगणातली आहे, असे आमचे मत आहे. किमान एकतृतीयांश जागा मुलींसाठी असतात, हे येथेच सांगून ठेवतो, कारण "मुलीला कशाला एवढ्या लांब" हे वाक्य अजूनही कानी येते.

उत्तरपत्रिकेविषयी थोडेसे. उत्तरे ओएमआर पत्रिकेवर, निळ्या किंवा काळ्या बॉलपेननेच नोंदवावी लागतात. पेन्सिल चालत नाही. चौथीपर्यंत पेन्सिल आणि खोडरबर यांच्या सोबतीने वाढलेल्या मुलाला 'एकदा लिहिले की बदलता येणार नाही' ही कल्पनाच भिववणारी असते. एक प्रश्न सोडून पुढे गेल्यावर पुढची सारी उत्तरे एक घर वर सरकतात. मुलाची उत्तरे बरोबर असतात आणि निकाल मात्र शून्यवत येतो. शेवटचे दोन महिने दर रविवारी जुनी प्रश्नपत्रिका घेऊन, पेनने, सलग दोन तास बसण्याचा सराव करावा. दहा वर्षांच्या मुलाला दोन तास जागेवर बसणे हाही एक विषय आहे. गुण वजा होत नसल्यामुळे शेवटच्या पाच मिनिटांत एकही प्रश्न कोरा राहू देऊ नये.

एवढे सारे घरी आणि गावच्या शाळेत होऊ शकते का? शिक्षक मनापासून लक्ष घालणारा असेल तर होते. नसेल तेथे शाळा सुटल्यावरच्या एखाद्या चांगल्या वर्गाची मदत घेण्यास आमची हरकत नाही. आमचा विरोध आहे तो पाचवीतल्या मुलाला वर्षभर निवासी शिकवणीत कोंडून, पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत आकृत्या सोडवून घेण्याला, आणि त्यासाठी दागिना गहाण ठेवण्याला. विनामूल्य शाळेत जागा मिळावी म्हणून कर्ज काढावयाचे, यातील विसंगती कोणाच्या ध्यानी येत नाही. हा आजार केवळ आपला नव्हे. इंग्लंडमध्ये १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुले निवडण्याची 'इलेव्हन-प्लस' पद्धत देशभर रूढ झाली. पुढे बहुतेक भागांत ती बंद झाली, तरी केंट, बकिंगहॅमशायर यांसारख्या परगण्यांत ती टिकून आहे आणि १६३ ग्रामर शाळा आजही अशी निवड करतात. तेथेही भाषा, गणित आणि आकृत्यांचे तर्क हेच विषय असतात. शिकवणीचा उपयोगच होणार नाही अशी प्रश्नपत्रिका काढण्याचे प्रयत्नही तेथे झाले. शिकवण्या काही थांबल्या नाहीत, आणि त्या शाळांत गरीब घरांतील मुलांचे प्रमाण अल्पच राहिले. ज्याच्या खिशात पैसा त्याची तयारी अधिक, असे एकदा झाले की गुणवत्तेच्या नावाने ऐपत निवडली जाते. आपल्याकडील ७५ टक्के ग्रामीण जागा आणि आरक्षण यांचे मोल ते उदाहरण पाहिल्यावर अधिक कळते.

तयारीचा आणखी एक भाग आहे. त्याला प्रश्नपत्रिकेत जागा नाही. पण निवासी शाळा चालवीत असल्यामुळे आम्हांला तोच अधिक मोठा वाटतो. परीक्षा उत्तीर्ण होऊन घर सोडणारे मूल दहा-अकरा वर्षांचे असते. मुलांना घरापासून दूर ठेवून शिकविणे आपल्या समाजाला नवे नाही. बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापूरला वसतिगृह काढले ते १९२५ मध्ये. तेव्हापासूनच्या वसतिगृहांतील पहिले सहा आठवडे बहुधा सारखेच गेले असतील. दिवसा मूल खेळते, हसते. संध्याकाळी दिवे लागले की कोपऱ्यात जाऊन बसते. पेटीची किल्ली हरवते, चपलेचा एक जोड सापडत नाही, एकाला खरूज झाली की खोलीभर होते. क्वचित एखादे मूल अंथरूण ओले करते आणि लाजेने कोणाला सांगत नाही. यांतील कशाचाही बुद्धीशी संबंध नाही, पण निवड झालेली मुले परत येतात ती याच कारणांनी.

म्हणून पाचवीच्या वर्षी मुलाला, मुलग्यालासुद्धा, आपले ताट घासावयास, आपले कपडे धुऊन वाळत घालावयास, नखे कापावयास आणि अंथरुणाची घडी करावयास लावावे. "बरे वाटत नाही" हे परक्या मोठ्या माणसाला सांगण्याचे धैर्य त्याला यावे, यासाठी अधूनमधून त्याला आठ दिवस मामाकडे किंवा आत्याकडे एकटे राहू द्यावे. मुलींना पाळीविषयीची माहिती घर सोडण्यापूर्वी आईने स्पष्ट शब्दांत द्यावी. नववीत काही मुलांना एका वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातील नवोदय विद्यालयात पाठविले जाते, हेही पालकांना आधी माहीत असावे. ऐनवेळी कळले की घाबरून मूल काढून आणतात. मुळात मुलाला जावयाचे आहे काय, हे त्याला विचारावे. कोणी विचारीत नाही, म्हणून लिहितो.

निकालाच्या दिवशी यादीत नाव नसलेल्या मुलांची संख्या नेहमीच मोठी असणार. त्या घरांत त्या संध्याकाळी काय बोलले जाते, ते मूल जन्मभर लक्षात ठेवते. "इतका खर्च केला" हे वाक्य त्या दिवशी कोणी उच्चारू नये. केलेली तयारीही वाया जात नाही. राज्य परीक्षा परिषदेच्या शिष्यवृत्ती परीक्षेत भाषा, गणित आणि बुद्धिमत्ता हेच विषय असतात. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ पासून आहे. आता तेथे मुलींनाही प्रवेश मिळतो, आणि सहावीच्या प्रवेश परीक्षेत ३०० पैकी १५० गुण एकट्या गणिताला असल्याने गणितात गती असलेल्या मुलाने तो मार्गही पाहावा. नवोदयमध्ये नववीला रिकाम्या झालेल्या जागांसाठी स्वतंत्र परीक्षा होते. तिच्यात १०० पैकी ७० गुण गणित व विज्ञानाचे असतात आणि आठवीत शिकणारे मूल तिला बसू शकते. आठवीतच राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते. तिच्यात निवड झालेल्या मुलास नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. ही शिष्यवृत्ती शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील मुलांसाठी आहे. नवोदय विद्यालयातील मुले तिला पात्र नसतात. गावच्या शाळेत राहिलेल्या मुलाने सहावीपासूनच तिची तयारी धरावी. त्या परीक्षेसाठी आमचे शिक्षक दर रविवारी सकाळी शाळेत बसतात. वसतिगृहाबाहेरच्या मुलांनीही यावे, वही आणि पेन एवढेच आणावे.